गच्चीवरील सोलर, एसी आणि स्कायलाईट यांचे उंचवटे : कोब्यावर ठोकळा ओतावा की स्लॅबमधून पेडेस्टल उचलावे?

गच्चीकर

नमस्कार. आमची गृहनिर्माण संस्था पुण्यात आहे. इमारत १९९६ सालची, तळमजला अधिक चार मजल्यांची असून गच्ची साधारण ३२०० चौरस फुटांची आहे. गेली तीन वर्षे चौथ्या मजल्यावरील दोन सदनिकांच्या छताला पावसाळ्यात ओल येते आणि जिन्यावरच्या स्कायलाईटमधून (उजेडासाठी छतात ठेवलेल्या झरोक्यातून) पाणी थेट पायऱ्यांवर ठिबकते. या उन्हाळ्यात संपूर्ण गच्चीचे वॉटरप्रूफिंग नव्याने करण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत मंजूर झाला आहे. त्याच वेळी लिफ्ट, पंप आणि जिन्यातील दिवे यांच्यासाठी सुमारे १० किलोवॅटचा सौर प्रकल्प बसवण्याचेही ठरले, कारण प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत संस्थांच्या सामाईक वापरासाठी प्रति किलोवॅट १८,००० रुपयांचे साहाय्य मिळते.

अडचण दोन्ही कामांच्या सांध्यावर आहे. सौर पुरवठादाराचे म्हणणे असे की, ५४० वॅटची १८ पॅनेल नऊ स्टँडवर बसतील, प्रत्येक स्टँडला चार पाय असतील आणि प्रत्येक पायाखाली कोब्यावर (स्लॅबवरच्या विटांच्या तुकड्यांच्या ढाळाच्या थरावर) एक फुटाचा सिमेंटचा ठोकळा ओतून त्यात बोल्ट बसवले की काम झाले. वॉटरप्रूफिंगचा ठेकेदार सांगतो की तो दहा वर्षांची हमी देईल, पण त्याच्या थरावर कोणीही एक छिद्र पाडले किंवा ठोकळा ओतला तर ती हमी त्याच दिवशी संपेल. दोघेही आपापल्या जागी ठाम आहेत. याखेरीज गच्चीवर चार एसींची बाहेरची युनिटे आहेत, त्यांच्या तांब्याच्या नळ्या स्लॅबमधल्या भोकातून खाली उतरतात आणि त्या भोकांत नुसते सिमेंट भरलेले आहे. स्कायलाईटची लोखंडी चौकट जेमतेम तीन इंच उंचीच्या विटांच्या ओळीवर टेकलेली आहे.

हे सर्व आधार किती उंच असावेत, कशात रोवावेत आणि वॉटरप्रूफिंगच्या आधी करावेत की नंतर, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. संस्थेचे पैसे आहेत आणि हा खर्च पुन्हा दहा वर्षे करता येणार नाही.

स्थापत्य_सेवक

गच्चीकर, प्रश्न योग्य वेळी विचारलात, कारण या कामात क्रम चुकला तर नंतर कितीही महागडे रसायन लावले तरी चूक झाकत नाही. मी तीस वर्षे इमारतींचे आराखडे करतो आहे आणि माझे मत स्पष्ट आहे. गच्चीवर कायमची राहणारी, वारा अडवणारी किंवा जड असलेली प्रत्येक वस्तू स्लॅबमधून उचललेल्या काँक्रीटच्या पेडेस्टलवर (ठेंगण्या खांबावर) उभी असावी, ते पेडेस्टल वॉटरप्रूफिंगच्या आधी तयार व्हावे आणि वॉटरप्रूफिंगचा थर त्या पेडेस्टलच्या अंगावर चढलेला असावा. म्हणजे बोल्टचे जे काही छिद्र पडायचे ते पेडेस्टलच्या माथ्यावर पडेल, जिथे पाणी साचून राहूच शकत नाही.

कोब्यावर ओतलेल्या ठोकळ्याचे दोन दोष आहेत. पहिला दोष असा की तो ठोकळा स्लॅबला धरून नसतो, म्हणून वाऱ्याच्या उचलीला विरोध करायला त्याच्याजवळ फक्त स्वतःचे वजन असते. हिशेब करून पाहू. आयएस ८७५ या इमारतींवरील भारांच्या भारतीय संहितेच्या तिसऱ्या भागात (२०१५) पुण्यासाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे आणि मुंबईसाठी ४४ मीटर. वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणले की चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. पुण्यासाठी तो सुमारे ९१३ न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला ९३ किलोच्या भाराएवढा येतो आणि मुंबईसाठी ११८ किलोएवढा. ५४० वॅटच्या पॅनेलचे क्षेत्रफळ साधारण २.५८ चौरस मीटर असते. दोन पॅनेलच्या एका स्टँडवर पुण्यात ४८० किलोच्या आसपास जोर येतो. इमारतीची उंची, परिसर, कठड्याचा आडोसा आणि पॅनेलचा कल यांचे गुणक लावल्यावर हा आकडा खाली जाईल किंवा वरही जाईल. इथे तो केवळ अंदाजासाठी घेतला आहे. आता दुसरी बाजू पाहा. एक फूट लांब, रुंद आणि उंच असलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्याचे वजन ६८ किलो भरते. चार ठोकळे २७२ किलो, दोन पॅनेल ५६ किलो आणि लोखंड ५०-६० किलो धरले तरी बेरीज ४०० च्या आत राहते. ज्या वादळाचा विचार करून संहिता लिहिली आहे ते आले तर हा स्टँड ठोकळ्यांसकट हलेल. शिवाय ३६ ठोकळ्यांचे जवळपास अडीच टन वजन स्लॅबवर कुठेही, तुळईचा विचार न करता, कायमचे ठेवले जाईल ते वेगळेच.

दुसरा दोष पाण्याचा आहे, त्यावर प्रत्यक्ष काम करणारे सभासद अधिक अधिकाराने लिहू शकतील.

पेडेस्टल करण्याची रीत थोडक्यात अशी. इमारतीचा मूळ स्ट्रक्चरल नकाशा मिळवा आणि खांब व तुळया गच्चीवर खडूने आखून घ्या. शक्यतो खांबाच्या डोक्यावर, नाहीतर तुळईवर, त्या जागेपुरता कोबा फोडून मूळ स्लॅब उघडा करा. स्लॅबचा पृष्ठभाग टाचून खरबरीत करा, छिद्रे पाडून वाऱ्याच्या झोताने आणि ब्रशने धूळ पूर्ण काढा आणि केमिकल अँकरने (सळई छिद्रात चिकटवून धरणाऱ्या रसायनाने) सळया बसवा. या टप्प्यावर धूळ राहिली तर अँकरची पकड निम्मीही उरत नाही आणि ही गोष्ट वरून कोणालाही दिसत नाही, म्हणून संस्थेच्या माणसाने स्वतः उभे राहून ती पाहावी. जुन्या इमारतीत स्लॅब बहुधा पाच इंचांचाच असतो आणि त्याच्या पोटात पंख्यांच्या व दिव्यांच्या वायरिंगचे पाईप असतात. त्यामुळे तुळई सोडून मधल्या स्लॅबमध्ये ड्रिल चालवणे मी टाळतो. सळया बसल्यावर जुन्या काँक्रीटला बाँडिंगचा थर देऊन पेडेस्टल ओता आणि किमान सात दिवस त्याला पाणी मारा.

उंची तयार कोब्याच्या पृष्ठभागापासून मोजून किमान ३०० मिलिमीटर ठेवा. हे 'तयार पृष्ठभागापासून' शब्द नकाशावर ठळक लिहून घ्या, कारण बहुतेक घोळ तिथेच होतो.

मृगधारा

मी नाशिक आणि ठाणे भागात वॉटरप्रूफिंगची कामे घेतो. स्थापत्य_सेवक यांनी दुसरा दोष माझ्यासारख्यांवर सोपवला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

विटांच्या तुकड्यांचा कोबा वरून टणक दिसतो, पण आतून तो पाणी धरून ठेवणारा असतो. त्याच्यावर नवा ठोकळा ओतला की काँक्रीट सुकताना आकसते आणि ठोकळ्याच्या चारही बाजूंनी केसाएवढी फट पडते. उन्हाळ्यात गच्ची तापते, रात्री निवते, आणि रोजच्या या हालचालीने ती फट रुंदावत जाते. पहिल्या पावसात पाणी त्या फटीतून ठोकळ्याखाली शिरते, तिथून विटांच्या तुकड्यांमधून ढाळाच्या दिशेने सरकत जाते आणि दहा-पंधरा फुटांवर जिथे स्लॅबला चीर सापडेल तिथून खाली उतरते. खालच्या मजल्यावरचा माणूस आपल्या डोक्यावरची जागा दाखवतो, ठेकेदार त्याच जागी रसायन ओततो आणि गळती तशीच चालू राहते, कारण पाणी शिरण्याची जागा दुसरीकडे, त्या ठोकळ्याच्या कडेला असते. मी उघडून पाहिलेल्या गच्च्यांमध्ये मोकळ्या भागातून गळणाऱ्या गच्च्या कमी होत्या. कठड्याचा सांधा, पाईपाची भोके, पाणी जाण्याची तोंडे आणि असे ठोकळे याच जागा पुन्हा पुन्हा सापडतात.

पेडेस्टल आधी झाले की आमचे काम सोपे होते. कोबा पेडेस्टलला घट्ट भिडवायचा आणि त्या काटकोनात पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याचा दोन-तीन इंचांचा गोलसर वाटा काढायचा. कोपरा काटकोनात सोडला तर लेपाची जाडी नेमकी तिथेच कमी पडते आणि जाळी कोपऱ्यापासून सुटून उभी राहते, म्हणून वाटा कधीही गाळू नये. त्यावर लेपाचा पहिला हात, मग काचतंतूची जाळी, मग दुसरा हात, आणि हा थर पेडेस्टलच्या चारही बाजूंनी वर नेऊन माथ्यावरूनही घ्यायचा. अर्ध्या उंचीवर लेप थांबवला तर त्याची वरची कड दोन पावसाळ्यांत सुटते आणि तिच्यामागे पाणी जाते. माथ्यावरून लेप घेता येत नसेल तर पेडेस्टलच्या अंगावर आडवी खाच कापून लेपाची कड त्या खाचेत बसवावी आणि खाच सीलंटने भरावी.

आता उंचीविषयी, माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. गच्चीकर, तुमच्या स्कायलाईटची कड आज तीन इंच आहे, पण ती बांधताना तीन इंच होती असे मला वाटत नाही. १९९६ नंतर गच्चीवर कोब्याचा दुसरा थर किंवा चायना चिप्सचा (चिनी मातीच्या फरशीच्या तुकड्यांचा) थर चढला आहे का, ते तपासा. प्रत्येक ठेकेदार जुने फोडण्याचा त्रास नको म्हणून नवा थर जुन्यावरच टाकतो. गच्चीची पातळी चार-पाच इंचांनी वर येते, पण कठडा, स्कायलाईटची कड आणि जिन्याच्या दाराचा उंबरठा जिथल्या तिथेच राहतात. माणसाला वाटते की कड मुळातच ठेंगणी होती, पण प्रत्यक्षात तिला जमिनीनेच गिळलेले असते. एका कोपऱ्यात एक फूट बाय एक फूट फोडून स्लॅबपर्यंत मोजून घ्या.

लाल_चिरा

माझे घर दापोली तालुक्यात आहे. वाऱ्याच्या हिशेबाला दुजोरा देण्यासाठी लिहीत आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा आमच्या गच्चीवरच्या सोलर हीटरचा स्टँड चार ठोकळ्यांसह जागेवरून सरकला आणि एका बाजूला कलंडला. काचेच्या नळ्या फुटल्या आणि टाकीला जोडलेला गरम पाण्याचा पाईप तुटला. ठोकळे फुटले नव्हते आणि बोल्टही सुटले नव्हते. सगळे एकसंध राहिले, फक्त ते गच्चीला कशानेच बांधलेले नव्हते.

आम्ही नंतर पेडेस्टल करून घेतली, पण स्टँडचे पाय गवंड्याने काँक्रीटमध्येच पुरले. आज साडेचार वर्षांनी लोखंड काँक्रीटमध्ये जिथे शिरते त्या रेषेवरच गंजून पातळ झाले आहे आणि एका पेडेस्टलचा कोपरा फुटून आतली सळई दिसू लागली आहे. खाऱ्या हवेत याला काय उपाय करावा?

भाता_ऐरण

मी फॅब्रिकेशनचे काम करतो. लाल_चिरा, पाय पुरणे हीच चूक झाली. लोखंड आणि काँक्रीट यांच्या सांध्यावर पाणी साचते, तिथला रंग पहिल्यांदा जातो आणि गंज फुगला की काँक्रीटला आतून फोडतो. पायाला खाली जाड बेस प्लेट लावून ती पेडेस्टलच्या माथ्यावर बोल्टने बसवावी. प्लेट थेट काँक्रीटवर टेकवू नये. खाली समतल करण्यासाठी नट ठेवून साधारण एक इंचाची जागा सोडावी, ती न आकसणाऱ्या ग्राउटने (ओतता येणाऱ्या सिमेंटच्या मसाल्याने) भरावी आणि ग्राउटच्या कडांना बाहेरच्या बाजूला उतार द्यावा. पेडेस्टल प्लेटपेक्षा प्रत्येक बाजूने किमान तीन इंच मोठे हवे, नाहीतर बोल्ट काँक्रीटच्या कडेला येऊन कोपरा उडतो.

कोकणात आणि मुंबईत नुसत्या रंगावर विसंबू नका. कापणे, छिद्र पाडणे आणि वेल्डिंग हे सर्व कारखान्यात पूर्ण करून मग संपूर्ण भाग वितळलेल्या जस्तात बुडवून घ्यावा. गच्चीवर आणून पुन्हा वेल्डिंग केले की त्या जागेचे जस्त जळून जाते आणि गंज तिथूनच सुरू होतो. म्हणून गच्चीवरचे सगळे जोड नटबोल्टचे ठेवा आणि वाऱ्याच्या थरथरीने नट सैल होऊ नये यासाठी दुहेरी नट वापरा.

मिशिगनकर

मी पंधरा वर्षे अमेरिकेत मिशिगन राज्यात व्यापारी इमारतींच्या वातानुकूलन यंत्रणेचे काम करतो. इथल्या दुकानांची आणि गोदामांची छपरे सपाट असतात आणि अवजड यंत्रे छपरावरच ठेवलेली असतात, त्यामुळे या उंचवट्यांना इथे बांधकामाचा स्वतंत्र भाग मानले जाते. पत्र्याची किंवा लाकडाची पोकळ चौकट छपराच्या सांगाड्याला जोडतात, छपराचा रबरी किंवा प्लास्टिकचा थर तिच्या अंगावर चढवतात, वरून पत्र्याची झालर येते आणि यंत्र त्या चौकटीवर बसते. हवेचे डक्ट चौकटीच्या आतून खाली जातात, म्हणजे छपराला पडलेले मोठे भोक पूर्णपणे त्या कड्याच्या आत सुरक्षित राहते.

छप्पर ठेकेदारांची इथली राष्ट्रीय संघटना तयार पृष्ठभागापासून किमान ८ इंच उंची सुचवते. ब्रिटनमध्ये १५० मिलिमीटरचा दंडक आहे. इथल्या बांधकाम संहितेत कमी उताराच्या छपरावरील स्कायलाईटसाठी किमान ४ इंचांची कड सांगितली आहे, पण ती कायद्याची तळरेषा आहे. बर्फ साचणाऱ्या आमच्या भागात जाणता ठेकेदार त्यावर थांबत नाही. महाराष्ट्रात बर्फ नाही, पण जुलैमध्ये पाणी जाण्याचे तोंड पिशवीने किंवा पानांनी तुंबले तर तासाभरात चार इंच पाणी साचू शकते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, हे लक्षात घेतले तर एक फुटाचा आग्रह मला अवाजवी वाटत नाही.

पायांवर उभ्या असलेल्या यंत्रांसाठी इथे आणखी एक नियम पाळतात आणि तो मला फार शहाणपणाचा वाटतो : यंत्र जितके रुंद, तितका त्याचा आधार उंच. दोन फुटांपर्यंत रुंदीच्या यंत्राखाली १४ इंच मोकळी जागा ठेवतात आणि पाच फुटांहून रुंद यंत्राखाली ४८ इंच. कारण सरळ आहे. छपराचा थर पुढे कधीतरी बदलावा लागणार, तेव्हा माणसाचा हात आणि हत्यार यंत्राच्या मध्यापर्यंत पोचले पाहिजे. ते पोचत नसेल तर ती जागा कायमची तशीच सोडली जाते. तुमच्या सौर पॅनेलखालीही कोणाला तरी झाडू मारायचा आहे, तोंडे साफ करायची आहेत आणि दहा वर्षांनी नवा लेप लावायचा आहे.

तसेच उताराच्या वाटेत आडवा येणारा रुंद उंचवटा पाणी अडवतो. ३० इंचांहून रुंद अडथळ्याच्या वरच्या बाजूला इथे दुहेरी ढाळाची छोटी टेकडी करतात, जेणेकरून पाणी दोन्ही बाजूंनी वळून पुढे जाईल. तुमच्या स्कायलाईटच्या वरच्या अंगाला कोब्यातच असा ढाळ काढून घ्या. हे आत्ता फुकट होईल, नंतर होणार नाही.

गच्चीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मृगधारा, आपल्या सांगण्यावरून काल स्कायलाईटच्या कडेला कोबा फोडून पाहिला. वर चायना चिप्सचा थर, त्याखाली एक कोबा, मग काळ्या डांबरी लेपाचा पातळ पापुद्रा आणि त्याखाली मूळ कोबा निघाला. स्लॅबपासून मोजल्यावर कड साडेबारा इंच उंच आहे! म्हणजे मूळ बांधणाऱ्याने पहिल्या कोब्याच्या वर आठ इंच कड ठेवली होती आणि त्यातली पाच इंच आम्हीच २०१३ साली गाडली. ते काम मंजूर करणाऱ्या समितीत मीही होतो, याचे मला वाईट वाटते. तेव्हा आम्हाला कोणी हे सांगितले नाही आणि विचारण्याचे आम्हाला सुचले नाही.

आता दोन प्रश्न. सौर पुरवठादार म्हणतो की खांबांच्या जागा पाहून पॅनेल मांडली तर सावली आणि दिशा जुळत नाही. आणि दुसरे, स्कायलाईटची कड विटांची ठेवून वाढवावी की काँक्रीटची नवी करावी?

स्थापत्य_सेवक

दोन थरांचा शोध लागला हे फार चांगले झाले. साडेचार इंचांच्या कोब्याचे वजन चौरस मीटरला २०० किलोहून अधिक असते, तर वापरात असलेल्या गच्चीवर माणसे आणि सामान यांच्यासाठी संहितेने धरलेला भार चौरस मीटरला सुमारे १५० किलो आहे. म्हणजे २०१३ पासून तुमचा स्लॅब, माणसे आणि सामान यांच्यासाठी धरलेल्या भारापेक्षा जास्त असा वाढीव भार रोज वाहतो आहे. तिसरा थर चढवू नका. दोन्ही कोबे काढून एकच नवा टाका. फोडताना ब्रेकर यंत्र स्लॅबवर चालवू देऊ नका, छिन्नी-हातोड्यानेच फोडून घ्या. इमारत तिशीच्या आसपास आहे. गृहनिर्माण संस्थांच्या उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण पाच वर्षांतून एकदा आणि त्यानंतर तीन वर्षांतून एकदा करायचे असते. ते झाले नसेल तर सौर प्रकल्पाच्या आधीच करून घ्या.

पॅनेलच्या मांडणीविषयी. पेडेस्टल खांबांवरच राहू द्या आणि त्यांच्यावर आडव्या लोखंडी तुळया टाका. पॅनेलचे स्टँड त्या तुळयांवर हव्या त्या दिशेने आणि हव्या त्या अंतरावर बसवता येतात, गच्चीला त्याचे काही देणेघेणे राहत नाही. लोखंडाचा खर्च वाढेल हे खरे, पण ३६ जागी गच्चीला स्पर्श करण्याऐवजी १२-१४ जागीच स्पर्श होईल आणि भार खांबांतून सरळ इमारतीच्या पायापर्यंत उतरेल. प्रत्येक पाय हा पाण्यासाठी एक सांधा असतो, म्हणून पाय जितके कमी तितके चांगले.

स्कायलाईटची कड काँक्रीटचीच करा. विटांना पाणी शोषण्याची सवय असते आणि लेप बाहेरून कितीही चांगला असला तरी वरून, चौकटीखालून, ओल विटेत उतरते.

मिशिगनकर

स्कायलाईटविषयी तीन गोष्टी जोडतो. चौकट कडेच्या माथ्यावर नुसती टेकवू नका. डब्याच्या झाकणाप्रमाणे तिची झालर कडेच्या बाहेरून किमान तीन इंच खाली उतरली पाहिजे, म्हणजे वाऱ्याने मारलेल्या पावसालाही वर चढून आत यावे लागेल. वर पॉलिकार्बोनेटचा पत्रा बसवणार असाल तर त्याला पसरायला जागा द्या. दोन मीटरचा पत्रा ४० अंशांच्या फरकाने सुमारे ५ मिलिमीटर लांबतो, तर तेवढीच ॲल्युमिनियमची पट्टी दोन मिलिमीटरही लांबत नाही. स्क्रूचे छिद्र घट्ट ठेवले तर दुसऱ्याच उन्हाळ्यात पत्रा छिद्रापाशी तडकतो आणि लोक सीलंटला दोष देतात.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत स्कायलाईट हे छपरातले भोक मानले जाते, कारण त्यातून कोसळून माणसे मेली आहेत. तुम्ही कड एक फुटाची केलीत की मुलांना ती बसण्याची जागा वाटेल आणि दिवाळीत कोणी तरी त्यावर चढेल. पत्र्याखाली काँक्रीटमध्ये पक्की बसवलेली लोखंडी जाळी असल्याशिवाय ते काम पुरे झाले असे मानू नका. चार मजल्यांचा जिना खाली आहे.

गडकिल्ले_भटक्या

एक शंका आहे. बाजारात गच्चीवर नुसते ठेवायचे रबराचे आणि प्लास्टिकचे उंची बदलता येणारे आधार मिळतात. कोबा फोडण्याऐवजी तेच सगळीकडे का वापरू नयेत?

मृगधारा

पाण्याचे आणि केबलचे पाईप, चालण्याची लाकडी फळी किंवा फरशी यांच्यासाठी ते उत्तम आहेत आणि मीही ते वापरतो. पाईप कोब्यावर थेट पडून राहिला तर त्याच्याखाली माती साचते, त्यात पिंपळ उगवतो आणि मूळ खाली जाते. त्यापेक्षा दर चार-पाच फुटांवर असा आधार ठेवलेला केव्हाही बरा. एसीचे चाळीस किलोचे युनिट फूटभर उंच स्टँडवर, रबरी गाद्या घालून ठेवता येते, त्याने थरथरही खाली जात नाही. फक्त ते कठड्याच्या आडोशाला ठेवून कठड्याच्या आतल्या उभ्या बाजूला बांधावे. पण वारा ज्याला उचलू शकतो अशा पॅनेलखाली नुसता ठेवलेला आधार मी लावणार नाही.

गच्चीकर, एसीच्या नळ्यांची भोके विसरू नका. चारही युनिटांच्या नळ्या एकाच जागी आणा, त्या भोकाभोवती आठ-दहा इंचांची छोटी काँक्रीटची चौकोनी पेटी उभी करा आणि नळ्या बगळ्याच्या मानेसारख्या वाकवलेल्या मोठ्या पाईपातून, तोंड खाली करून आत घ्या. चार भोकांऐवजी एकच राहील आणि पुढे कोणी पाचवा एसी बसवला तरी त्याला नवे भोक पाडावे लागणार नाही.

गच्चीकर

सात आठवड्यांनी लिहीत आहे. दोन्ही कोबे काढले, परीक्षण करून घेतले, दोन तुळयांच्या कडांना उघड्या पडलेल्या सळया दुरुस्त केल्या. सात-सातच्या दोन ओळींत १४ पेडेस्टल ओतली आहेत, तयार पृष्ठभागापासून त्यांची उंची १४ इंच आहे. स्कायलाईटची कड काँक्रीटची, १२ इंचांची केली असून जाळी बसली आहे. सौर पुरवठादाराने लोखंडी तुळयांचा वाढीव खर्च सांगितला, त्यावर सभेत बरीच चर्चा झाली, पण ३६ ठोकळ्यांचा मूळ प्रस्ताव शेवटी कोणीच लावून धरला नाही.

मृगधारा यांच्या मुद्द्यावरून आम्ही एक गोष्ट स्वतःहून केली आहे. प्रत्येक पेडेस्टलवर आणि स्कायलाईटच्या कडेवर माथ्यापासून आठ इंच खाली एक आडवी रेष प्लास्टरमध्ये कोरली आहे आणि रेषेखाली 'कोबा या रेषेच्या वर नेऊ नये' असे लिहिले आहे. तीच सूचना पेडेस्टलच्या जागा दाखवणाऱ्या नकाशासह संस्थेच्या दप्तरात लावली आहे.

स्थापत्य_सेवक

रेषेची कल्पना मी माझ्या पुढच्या नकाशांत घेणार आहे. एक विनंती. लेप झाल्यावर पाणी कोंडून एकदा चाचणी कराल, ती कराच. पण लोखंडी तुळया आणि पॅनेल चढल्यानंतर दुसऱ्यांदा पाणी कोंडा. फॅब्रिकेशनवाल्यांची जड हत्यारे, पडलेले नट आणि ओढलेली शिडी यांनी नव्या लेपाला किती जागी जखम होते, हे पहिल्या चाचणीत कळत नाही. दोन्ही वेळा ७२ तास ठेवा आणि खालच्या सदनिकांच्या छतांची छायाचित्रे आधी व नंतर काढून ठेवा.

गच्चीकर

मान्य. पहिल्या चाचणीसाठी तोंडे बंद करून सोमवारी सकाळी पाणी सोडतो आहोत, म्हणजे गुरुवारी सकाळी ७२ तास होतील. चौथ्या मजल्यावरच्या दोन्ही सदनिकांना सूचना दिली आहे आणि आजची छायाचित्रे घेतली आहेत. गुरुवारी जे दिसेल ते इथे नोंदवीन आणि दुसरी चाचणी पॅनेल बसल्यावर, मृगाच्या आधी करू.